एमबीआरने औषधांचे अंश निघतात का?

नव्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) एमबीआर (जिवाणूंची टाकी आणि मेम्ब्रेनची बारीक गाळणी) बसवला की औषधांचे अंश आणि मायक्रोप्लास्टिक दोन्ही १०० टक्के निघतात, असं ठेकेदाराने तुमच्या नगरपालिकेला सांगितलंय. ते खरं का, हा तुमचा प्रश्न. प्लास्टिकपुरतं बरंचसं खरं. औषधांबाबत साफ खोटं.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचा बारीक कण. एमबीआरच्या मेम्ब्रेनची छिद्रं मायक्रॉनच्या अंशाची, त्यामुळे तो अडकतो. मेम्ब्रेन नसलेल्या साध्या एसबीआरमध्येही (एकाच टाकीत हवा देऊन मग गाळ बसू देणारी पद्धत) बहुतेक कण गाळात बसतात. पण म्हणून ते संपत नाहीत. वाळवलेला गाळ खत म्हणून शेतात गेला, तर धुण्याच्या पाण्यातून आलेले पॉलिएस्टरचे धागेही सोबत गेले. तेव्हा निविदेत गाळाचं कलम आधी वाचा.

औषध पाण्यात विरघळलेलं असतं. मेम्ब्रेनचं छिद्र अगदी ४० नॅनोमीटरचं धरलं, तरी डायक्लोफेनॅकचा रेणू जेमतेम १ नॅनोमीटरचा. अडणार कसा? पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांचा एरेशन टँकमधले (हवा सोडायच्या टाकीतले) जिवाणू बऱ्यापैकी फडशा पाडतात. फिटच्या गोळीतलं कार्बामाझेपिन मात्र जवळजवळ आहे तसं बाहेर पडतं. बीओडी-सीओडीच्या (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय घाणीच्या) रिपोर्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

आरओ हे अडवतं, पण मग अडवलेलं सगळं ज्यात साठतं, ते त्याचं रिजेक्ट पाणी कुठे सोडणार? शहराच्या पातळीवर खरे चाललेले उपाय दोन, ओझोन (औषधांचे रेणू तोडणारा वायू) आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन (ते शोषून घेणारा कोळसा). स्वित्झर्लंडमध्ये ड्यूबेनडॉर्फच्या नॉयगुट प्रकल्पात २०१४ पासून पूर्ण क्षमतेने ओझोन चालू आहे. २०१६ पासून तिथे निवडक प्रकल्पांना असे पदार्थ सरासरी ८० टक्के काढण्याचं बंधन आहे आणि त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार घेतात. ८० टक्के, १०० नव्हे!

आपल्याकडे ओझोनची गोची वेगळीच. वीजबिल वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवले की नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) अर्धवट राहतं आणि नायट्राइट उरतं. त्यातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ३.४ मिलिग्रॅम ओझोन खर्ची पडतो, औषधांच्या वाट्याला येतो तो उरलासुरला. खाडीचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरत असेल तर त्यातल्या ब्रोमाइडपासून ओझोनमुळे ब्रोमेट तयार होतं, तो कर्करोगाचा धोका आणखी निराळा. ओझोननंतर वाळूचा फिल्टर हवाच. अर्धवट तुटलेले रेणू तिथले जिवाणू संपवतात.

कार्बन त्यामानाने सोपा, पण तो संपतो. सोसायट्यांच्या एसटीपीत पीएसएफच्या (वाळूच्या फिल्टरच्या) शेजारी एसीएफची (कार्बनच्या फिल्टरची) टाकी असतेच. कार्बन शेवटचा कधी बदलला हे ऑपरेटरला विचारून बघा. बहुतेकदा तो मान खाजवतो. आतला माल केव्हाच भरून गेलेला असतो, रोज बॅकवॉश केला (उलटं पाणी सोडून धुतला) तरी त्याची शोषणशक्ती परत येत नाही. पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून कुणी झाकण उघडत नाही.

ठेकेदाराला एवढंच सांगा: येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचे २४ तासांचे कंपोझिट (थोडं थोडं घेऊन एकत्र केलेले) नमुने घ्या, कार्बामाझेपिन आणि डायक्लोफेनॅक एलसी-एमएसवर (सूक्ष्म अंश मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर) तपासा, आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्या रिपोर्टवर ठेवा.