मार्कशीटवरचं नाव आणि कुकरचं बूड

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते आणि मुंबईतल्या एका कॉलेजात टी.वाय.ला आहे. ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जायचं ठरलंय, तिकडच्या युनिव्हर्सिटीचं पत्रही आलंय. स्वेटर किती न्यायचे हे सांगणारे ढीगभर भेटतात. निघायच्या आधी इथे काय काय उरकायचं, ते मात्र कुणीच सांगत नाही. त्यातून माझ्या मार्कशीटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव सारखं दिसत नाही. काय करू?

उत्तर : अगं, स्वेटर तिकडेही मिळतात. प्रिन्सिपलची सही मिळत नाही. त्यामुळे आधी कॉलेज, मग व्हिसा, बॅग शेवटी.

मी २००४ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या लायप्झिगला एक सेमिस्टर काढलं, तेव्हा एम.ए. करत होते. तिकडे तेव्हा प्रत्येक विषयाचा एक कागद मिळायचा, त्याला ‘शाइन’ म्हणत. चार शाइन घेऊन मी मिरवत परत आले आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवले. क्लार्कनं चष्मा कपाळावर ढकलला, पहिला कागद उजेडात धरला आणि विचारलं, “एक पॉइंट तीन? कितीपैकी?” जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५ म्हणजे नापास, हे त्या खिडकीत कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. चूक माझी होती. कुठल्या विषयाच्या बदल्यात कुठला विषय, हे जायच्या आधी मी कुणाकडून लिहून घेतलंच नव्हतं. सरांनी “होऊन जाईल गं” म्हटलं होतं, त्या भरवशावर विमानात बसले. शेवटी दोन पेपर इथे पुन्हा द्यावे लागले, आणि त्यातल्या एकात मला तिकडे १.३ होते!

तेव्हा तू ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ नावाचा फॉर्म आत्ताच मागव. तिकडे कुठले विषय घेणार, त्याचे किती क्रेडिट, आणि ते इथे कशाच्या बदल्यात धरणार, हे सगळं त्यात येतं. त्यावर तिघांच्या सह्या लागतात : तुझी, तिकडच्या युनिव्हर्सिटीची आणि तुझ्या कॉलेजची. युरोपात पूर्ण सेमिस्टरचे ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम मोजतात. आपलं सेमिस्टर साधारण २०-२२ क्रेडिटचं असतं. त्यामुळे तिकडचे ३० म्हणजे इथले ३० असा हिशेब करून खूश होऊ नकोस. किती धरणार तो आकडाही लेखी घे आणि सोबत त्यांच्या ग्रेडचा तक्ता जोड. खिडकीतला माणूस दर दोन वर्षांनी बदलतो, फाइलमधला कागद राहतो.

दुसरी मेख कॅलेंडरची. तिकडे हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतात, त्यानंतरही काही परीक्षा असतात. आपली पाचव्या सेमिस्टरची परीक्षा नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे तू जाणार एका सेमिस्टरसाठी, पण इथली दोन सेमिस्टरं कुरतडली जाणार. पाचव्याची परीक्षा कधी देणार, सहाव्याच्या ७५ टक्के हजेरीचं काय, हे दोन प्रश्न अर्जात स्पष्ट लिही, अर्ज इनवर्ड कर आणि पोच घे. पोच म्हणजे शिक्का मारलेली झेरॉक्स. “ठेवून जा” म्हणाले तर ठेवून येऊ नकोस.

आता नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, मग आईचं. पाटील सायली रमेश सुनीता. जर्मन ऑफिसातली बाई हे डावीकडून उजवीकडे वाचते आणि तुझं आडनाव ‘सुनीता’ करून मोकळी होते. मग हॉस्टेलच्या दारावर सुनीता, इन्शुरन्सच्या कार्डावर पाटील. माझ्या एका विद्यार्थिनीचं बँकेचं कार्ड टपालपेटीवर नाव जुळेना म्हणून परत गेलं होतं. तिकडे टपाल फ्लॅट नंबरावर येत नाही, पेटीवरच्या आडनावावर येतं. त्यामुळे प्रत्येक फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच नाव लिही, आईला वाईट वाटलं तरी. मार्कशीटवरची आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे, असं इंग्रजीतलं ॲफिडेव्हिट नोटरीकडून करून घे आणि त्याच्या तीन-चार प्रती जवळ ठेव. तिकडच्या को-ऑर्डिनेटरला हा नावाचा घोळ आधीच दोन ओळींच्या मेलमध्ये कळव. कळवलं की ते लोक नीट वागतात.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या छोट्या मुक्कामाच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तेव्हा तुला नॅशनल व्हिसा, म्हणजे जर्मनीचा स्वतःचा लांब मुक्कामाचा व्हिसा लागेल. त्याची फी ७५ युरो. खर्चाची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंट, सध्या महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो झाले. युरो शंभर रुपयांचा धरला तर सहा लाखांच्या आसपास. हे पैसे तुझेच असतात, तिकडे गेल्यावर दरमहा हप्त्यानं सुटतात. पण पहिला हप्ता हातात पडेपर्यंत मध्ये काही आठवडे जाऊ शकतात, हॉस्टेलचं भाडं आणि डिपॉझिट मात्र त्याआधी. तेवढी वेगळी रक्कम ठेव. ट्रॅव्हल इन्शुरन्सवर युनिव्हर्सिटीत नाव नोंदवता येत नाही. तिकडचा विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा घ्यावा लागतो, त्याचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास धरून चाल.

तिकीट काढताना एक बघ. शुक्रवारच्या रात्रीचं स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नकोस. शनिवारी पोचशील आणि खोलीची किल्ली देणारा माणूस सोमवारी उगवेल. रविवारी दुकानं बंद, ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी म्हणून पुन्हा बंद. मी पोचले तो रविवारच होता. किल्ली तेवढी एका सीनियर मुलीनं घेऊन ठेवली होती. खोलीत गादी होती, तिच्यावर चादर नव्हती, उशी नव्हती, छताला नुसता बल्ब. आईनं बळेच कोंबलेली सोलापुरी चादर त्या रात्री अंथरली आणि साडी पांघरली. तेव्हा मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पोच. खोली ताब्यात आली की घरमालकाकडून किंवा हॉस्टेलकडून राहत असल्याचा फॉर्म भरून घे आणि दोन आठवड्यांच्या आत त्या शहराच्या ऑफिसात पत्ता नोंदव. हा नियम आहे, आणि पुढचं बरंचसं त्या नोंदणीवर अडतं.

प्रश्न : माझा मुलगा सहा महिने म्युनिकला चाललाय. आम्ही गिरगावातले, खाण्याचे चोचले आहेत हे मान्य. घरचं कढवलेलं साजूक तूप, थोडे पेढे, कढीपत्ता आणि छोटा कुकर द्यायचा विचार आहे. चालेल ना?

उत्तर : वहिनी, तूप आणि पेढे राहू द्या. युरोपियन युनियनच्या बाहेरून सामानात दूध-दुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे. कस्टम्सवाल्यानं बरणी उघडलीच तर कचऱ्यात जाईल, आणि ते बघायला तुम्ही तिथे नसाल हेच बरं. ताजा कढीपत्ताही नाही, त्याला रोपांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सावलीत वाळवून, चुरून द्या. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं खुशाल द्या. दोन-दोन पिशव्या घाला आणि वर इंग्रजीत नाव लिहा. सुक्या बोंबलांना नियमाची आडकाठी नाही, पण हॉस्टेलचं स्वयंपाकघर सामायिक असतं एवढं लक्षात असू द्या.

कुकर द्या, पण आधी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून त्याच्या बुडाला लावून बघा. चिकटलं तर इंडक्शनवर चालेल. ॲल्युमिनियमच्या साध्या कुकरला चिकटत नाही, आणि शेगडी इंडक्शनची निघाली तर तो कुकर डबा म्हणूनच वापरावा लागेल. जादा रिंग आणि व्हॉल्व्ह विसरू नका. आणि फोडणी घालायच्या आधी खिडकी उघडायला शिकवा. तिकडे राहत्या खोल्यांत धुराचे अलार्म असतात, आणि मोहरी तडतडली की तेही तडतडतात.

प्रश्न : मुलगी जर्मनीत असताना तिच्या इथल्या खात्याचा ओटीपी कसा मिळणार? (मुलुंडहून एक वडील)

उत्तर : सिम बंद करू नका. निघायच्या आठवडाभर आधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. ओटीपीचा एसएमएस येणं एवढंच काम आहे, डेटा बंद ठेवायला सांगा. रिचार्जची तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहा, तिच्या नको. तिच्या औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, क्रोसिन म्हटलं तर तिकडच्या केमिस्टला कळणार नाही, पॅरासिटामॉल कळेल.

आणि फोनची वेळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती जाईल तेव्हा तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असेल, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. त्यानंतर तुम्ही रात्री साडेदहाला, जेवणं-बिवणं आटोपून फोन केलात तर तिच्याकडे संध्याकाळचे सहा. सकाळी चहाबरोबर करू नका, तेव्हा तिकडे मध्यरात्र असते.