नामवंत गवयाचा तानपुरा विकावा की ठेवावा?

सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघालाय, नव्या फ्लॅटमध्ये जागा होणार नाही, तर आजोबांना एका नामवंत गवयाने दिलेला मिरजेचा तानपुरा विकावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: गवयाचं नाव पुराव्यानिशी जोडता येत नाही तोवर विकू नका. आणि तोवर पॉलिश तर मुळीच करून घेऊ नका.

वाद्य म्हणून एक किंमत असते, नावाची दुसरी. पहिली ठरवणं सोपं. याच मापाचा नवा तानपुरा कितीला पडतो ते मिरजेत विचारा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. दुसरी किंमत 'घरात सगळे सांगतात' यावर कुणी देत नाही. बुवांचं पत्र किंवा दिल्याची चिठ्ठी शोधा, आणि मैफलीचे जुने फोटो. फोटोत गवयाच्या मागे तानपुरा असतोच. त्याची तबलीवरची (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी झाकणावरची) वेलबुट्टी भिंगातून बघा आणि तुमच्या तानपुऱ्याशी ताडा. जुनी नक्षी हाताने केलेली, त्यामुळे एखादं पान वाकडं बसलेलं असतं, कुठे पाकळी कमी पडते. ही खूण दोन्हीकडे जुळली तर तो तोंडी ग्वाहीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा. मैफलीत बहुधा जोडी असते. दुसरा तानपुरा कुणाकडे गेला तेही शोधा, जोडी एकत्र आली तर मोल वेगळंच.

पॉलिशला नाही म्हणतो ते यासाठी की दांडीवर हात लागून गेलेला रंग, खुंट्यांवरचे जुने चट्टे ही त्या वाद्याची ओळख असते. कारागिराने घासून नवी चकाकी आणली की फोटोशी जुळवायला काही उरत नाही.

आता प्रकृती. तानपुरा आडवा धरून तबली बाजूने बघा. घोडीखाली, म्हणजे तारा ज्या तुकड्यावर टेकतात त्याच्या खाली, खचलेली दिसली तर तारांच्या ताणाने बसलीय, आणि तबली बदलली की आवाजही बदलतो. भोपळ्यावर बोटाच्या पेराने हलके टिचक्या मारा. एखाद्या जागी आवाज फुटका आला तर तिथे तडा आहे. दांडी आणि भोपळा जुळतात तो सांधा सुटलाय का पाहा. खाली बारीक भुकटी पडत असेल तर कीड लागलीय. घोडीवर तारांचे चरे पडलेत म्हणून घाबरू नका, जवारी, म्हणजे तारांना गुंजन देणारा घोडीचा घासलेला माथा, नव्याने काढता येते. गाणारं गिऱ्हाईक आधी पट्टी विचारेल, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या स्वरावर 'सा' लागतो ते: काळी एकचा तानपुरा काळी चारला गाणाऱ्या बाईंच्या कामाचा नाही.

घोडी किंवा नक्षी हस्तिदंताची वा सांबरशिंगाची असेल तर थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांची विक्री गुन्हा आहे. जाहिरात टाकण्याआधी वनखात्याकडे विचारा. १०० वर्षांहून जुनं वाद्य ठरलं तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला ते पाठवता येणार नाही.

नाव सिद्ध झालं, तर मी विकण्याआधी त्याच घराण्यातल्या, रोज रियाज करणाऱ्या शिष्याला विचारेन. वाजता राहिला तर तानपुरा टिकतो. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे, तोही एक पर्याय. मात्र मांडून ठेवणार की कोठारात, ते आधी लेखी विचारा. नाव सिद्ध झालं नाही तर एखाद्या विद्यार्थ्याला रास्त भावात खुशाल द्या.

निर्णय होईपर्यंत तारा दोन स्वर उतरवून ठेवा, पूर्ण सोडू नका. भोपळ्याखाली चुंबळ द्या, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. सामान हलवताना तो टेम्पोत न टाकता गवसणी घालून मांडीवर न्या.