अपघात २९ जूनचा, फिर्याद २ जुलैची

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २९ जून २०२४ रोजी संध्याकाळी शेतातून मोटारसायकलने घरी परतत असताना सावदा रस्त्यावर केळीने भरलेल्या ट्रकच्या धडकेत जागीच ठार झाला. अंत्यविधीच्या धावपळीत फिर्याद २ जुलैला दिली गेली. पोलिसांनी जुन्या भारतीय दंड विधानाचे कलम ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे) लावले असून त्यात जास्तीत जास्त दोनच वर्षांची शिक्षा आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत याच गुन्ह्याला पाच वर्षे आहेत. फिर्याद नव्या कायद्यानंतरची आहे, कागदावर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे नावही आहे. मग कलम बदलून घेता येईल का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : आपला धाकटा भाऊ गेला आहे, त्यामुळे पुढचे उत्तर लिहिताना मलाही जड जाते, परंतु कलम बदलून मिळणार नाही, आणि पोलिसांनी केलेली नोंद बरोबर आहे.

आपण पाठवलेल्या फिर्यादीच्या छायाप्रतीत दोन तारखा वेगवेगळ्या रकान्यांत आहेत : घटना घडल्याची २९ जून आणि पोलीस ठाण्यात माहिती मिळाल्याची २ जुलै. शिक्षा ठरते ती पहिल्या तारखेवरून. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) नुसार, कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच एखाद्याला दोषी ठरवता येते, आणि त्या कायद्यात होती त्याहून अधिक शिक्षा त्याला देता येत नाही. न्याय संहिता डिसेंबर २०२३ मध्येच मंजूर झाली होती, असे आपल्याला कोणी सांगेल. पण ती अमलात आली १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे अपघातानंतर दोन दिवसांनी. तिचे कलम १०६(१) आणि त्यातील पाच वर्षे २९ जूनच्या संध्याकाळी अस्तित्वातच नव्हती.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे नाव कागदावर आले ते तपासाच्या पद्धतीपुरते. तपास कसा करावा, दोषारोपपत्र कसे द्यावे, ही कार्यपद्धती नव्या कायद्याने चालू शकते, कारण अमुक एका पद्धतीनेच खटला चालावा असा हक्क आरोपीला नसतो. गुन्हा आणि शिक्षा मात्र जुन्याच कायद्याची. म्हणून एकाच कागदावर दोन कायदे दिसतात.

असा प्रसंग पूर्वीही आला आहे. गुजरातमधील एका विवाहितेचा मृत्यू ऑगस्ट १९८६ मध्ये झाला. हुंडाबळीचे कलम ३०४-ब दंड विधानात आले १९ नोव्हेंबर १९८६ रोजी. ते कलम लावावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फेटाळली, कारण हा नवा गुन्हा होता, केवळ कार्यपद्धतीतील बदल नव्हता. मुलगी गमावलेल्या घराला तो निकाल किती बोचला असेल, याची कल्पना मी करू शकतो, आणि तरीही तो योग्य होता असे माझे ठाम मत आहे. मागाहून केलेल्या कायद्याने शिक्षा वाढवण्याची मुभा एकदा सरकारला मिळाली, की ती केवळ ट्रकचालकांपुरती राहणार नाही. उद्या आपल्याच गावातील एखाद्या शेतकऱ्याने आज कायदेशीररीत्या केलेले काम गुन्हा ठरवून त्याला तुरुंगात टाकता येईल. (उलट, मागाहून आलेला कायदा सौम्य असेल तर त्याचा लाभ आरोपीला मिळू शकतो, १९६५ च्या रतनलाल खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाला तो मिळाला.)

आपल्या हाती काहीच नाही, असे मात्र समजू नका. चालक दारू प्यायलेला होता, किंवा आपल्या वाहन चालवण्याने कोणाचा तरी जीव जाईल याची त्याला जाणीव होती, असा पुरावा असेल, तर जुन्या दंड विधानातच कलम ३०४ चा दुसरा भाग आहे आणि त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तो कायदा अपघाताच्या दिवशी अमलात होता. म्हणून चालकाची वैद्यकीय तपासणी झाली का, रक्ताच्या नमुन्याचा अहवाल दोषारोपपत्राला जोडला आहे का, हे सरकारी वकिलांना भेटून विचारा. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतंत्रपणे चालतो आणि चालकाला किती वर्षांची शिक्षा होते यावर तो अवलंबून नसतो. तो अद्याप दाखल केला नसेल, तर आणखी उशीर न करता याच आठवड्यात जळगावला वकिलांची गाठ घ्या.