बाळाची पहिली शी आणि आतड्यातल्या चेतापेशी

प्रश्न : नातवाला जन्मल्यापासून तीन दिवस शी झाली नाही. पोट फुगलं, हिरव्या उलट्या झाल्या. बायोप्सीनंतर, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा तपासल्यावर, 'हर्शस्प्रंग' आजार सांगितला. सुनेने ग्रहण पाळलं नव्हतं, त्यामुळे असं झालं का?

नाही. आजी, हे सुनेला आजच जवळ बसवून सांगा. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात आतड्याच्या चेतापेशी, म्हणजे आतड्याची हालचाल चालवणाऱ्या नसांच्या पेशी, तोंडाच्या बाजूने खाली, गुदद्वाराकडे सरकत जातात. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. या पेशी वाटेतच थांबल्या, तर शेवटचा भाग त्यांच्याविना राहतो. तो भाग सैल पडत नाही, म्हणून मल अडतो आणि वरचं चांगलं आतडं फुगत जातं.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ साली बर्लिनच्या परिषदेत अशा दोन बाळांची माहिती मांडली. त्यांना फुगलेलं आतडंच आजारी वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं शल्यचिकित्सक तोच भाग काढत राहिले आणि त्रास परत येत राहिला. बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ साली अरुंद, चेतापेशी नसलेला भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तुमच्या नातवावरही तिचाच एखादा सुधारित प्रकार होईल.

प्रश्न : पहिली शी किती वेळात व्हायला हवी? शेजारच्या काकू बाळगुटी द्यायला सांगतात.

पूर्ण दिवसांच्या जवळजवळ सगळ्या निरोगी बाळांना ४८ तासांच्या आत होते. न झाल्यास गुटी नको, एरंडेल तर नकोच. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिरवी उलटी झाली तर ४८ तासांचीही वाट पाहू नका.

प्रश्न : पहिल्या मुलाला हा आजार होता. दुसऱ्या बाळालाही होईल का? जनुकीय चाचणी करावी का?

एरवी हा आजार साधारण ५,००० बाळांत एकाला होतो. सख्ख्या भावंडांत सरासरी शंभरात चार, म्हणजे दुसरं बाळ निरोगी असण्याचीच शक्यता खूप मोठी. मात्र पहिल्या बाळाचं बरंच लांब आतडं बाधित असेल किंवा बाधित मूल मुलगी असेल, तर धोका वाढतो.

१९९४ साली या आजाराच्या रुग्णांत 'रेट' या जनुकातले बदल सापडले आणि कोडं सुटल्यासारखं वाटलं. मग २००५ साली अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाने याच जनुकात एक छोटा, अगदी सर्रास आढळणारा फरक दाखवला. तो एकटा आजार घडवत नाही, शक्यता तेवढी वाढवतो. आईवडील ठणठणीत असून बाळाला आजार का होतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

यात मुंबईचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. कपाळावर पांढऱ्या केसांची बट, बुबुळांचा वेगळा रंग आणि हाच आजार, असं एकत्र असलेली बाळं डॉ. शाह आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली नोंदवली. या एकत्रित आजाराला वार्डेनबर्ग-शाह हे नाव त्यावरूनच पडलं. रंगद्रव्याच्या पेशी आणि आतड्याच्या चेतापेशी गर्भात एकाच उगमातून निघतात, म्हणून अशी जोडी दिसते.

तुमच्या बाबतीत चाचणीआधी जनुकीय समुपदेशकांना भेटा. 'रेट'मधल्या काही बदलांमुळे थायरॉइडच्या कर्करोगाचाही धोका असतो. अशा घरांत चाचणीचा खरा उपयोग होतो.

प्रश्न : एका ठिकाणी 'स्टेम सेलने आतड्याच्या नसा वाढवतो' म्हणून मोठी रक्कम मागितली आहे. भरावी का?

एक रुपयाही भरू नका. न्यूयॉर्कमध्ये लॉरेन्झ स्टुडर यांच्या प्रयोगशाळेने मानवी मूळपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, अशा चेतापेशी घडवल्या. त्या आजारी उंदरांच्या आतड्यात रुजल्या, पसरल्या आणि उंदीर जगले, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. मला त्याची फार आशा आहे. पण उंदरांतलं यश म्हणजे बाळांसाठी सिद्ध झालेला उपचार नव्हे. आज इलाज शस्त्रक्रियाच.

प्रश्न : मुलीची शस्त्रक्रिया नीट झाली होती. आता अचानक ताप आहे, पोट टम्म आहे आणि घाण वासाची पातळ शी होते. जुलाबाचं औषध देऊ का?

देऊ नका, जुलाब थांबवणारं तर मुळीच नको. ही आतड्याच्या गंभीर दाहाची लक्षणं असू शकतात. शस्त्रक्रियेनंतरही असा दाह होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. जुने कागद घेऊन आत्ताच, रात्र असली तरी, बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य 'हिला हर्शस्प्रंग होता' हेच सांगा.