जुन्या लावणीतला आठ सेकंदांचा तुकडा रॅपमध्ये वापरायला परवानगी लागते का? पैसे कुणाला द्यायचे?

तू कोल्हापुरात घरीच बीट बनवतोस. जुन्या लावणीच्या रेकॉर्डवरचा आठ सेकंदांचा तुकडा पिच (स्वराची उंची) उतरवून लूप केलायस, म्हणजे परत परत वाजत ठेवलायस, आणि ट्रॅक पुढच्या महिन्यात सोडायचाय. 'दहा सेकंदांच्या आत चालतंय' असं मित्रांनी सांगितलंय, ते खरं का, असं विचारलंयस.

नाही चालत, भावा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेच नाही. घरी शिकण्यासाठी हवं तेवढं चॉप कर, म्हणजे कापून-जोडून बघ, पण ट्रॅक बाहेर सोडायचा तर परवानगी पाहिजेच.

आणि ती एक नाही, दोन. बहुतेक पोरं इथंच फसतात. पहिला हक्क रेकॉर्डिंगचा, म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत जे वाजलं आणि टेपवर उतरलं त्याचा. तो ज्यानं पैसे घालून रेकॉर्ड काढली त्या निर्मात्याचा किंवा कंपनीचा. दुसरा हक्क शब्दांचा आणि चालीचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचा, किंवा त्यांनी ज्या कंपनीला तो लिहून दिला तिचा. दोन्हींची मुदत वेगळी. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीच्या वर्षानंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळे 1960 साली निघालेल्या रेकॉर्डवरचा हक्क 2020 संपताना संपला. शब्द-चालीचा मात्र कर्ता गेल्यानंतर 60 वर्षं. आपल्या जगदीश खेबुडकरांचंच बघ. ते 2011 साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2071 च्या अखेरपर्यंत आहे. 'रेकॉर्ड जुनी आहे, आता फ्री झाली' हे म्हणून अर्धंच खरं.

तुझ्या तुकड्यात गायलेली ओळ आहे की नुसती ढोलकी, हे तू लिहिलेलं नाहीस. नुसती ढोलकी असेल तर गीतकाराचा प्रश्न उरत नाही, रेकॉर्डिंगचा मात्र राहतो.

मालक शोधायची सुरुवात रेकॉर्डच्या लेबलपासून कर. कंपनी, साल, गीत, संगीत, सगळं तिथं छापलेलं असतं. कंपनीचं नाव आज बदललेलं असू शकतं; जुना एचएमव्हीचा खजिना आता सारेगामाकडे आहे. शब्द-चालीचा हक्क कुणाकडे आहे याची चौकशी आयपीआरएसकडेही, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडेही, करता येते. मेल करताना मूळ गाण्यातला कितवा ते कितवा सेकंद घेतला, तो तुझ्या ट्रॅकमध्ये किती वेळा येतो, ट्रॅक कुठं कुठं सोडणार हे लिही आणि डेमो जोड.

पैशांचा ठरलेला दर नाही. रेकॉर्डिंगचा मालक एकरकमी रक्कम मागतो, किंवा आगाऊ रक्कम आणि वर कमाईतला टक्का. शब्द-चालीचा मालक बहुधा नव्या गाण्याच्या हक्कातच वाटा मागतो. तुकडा हुक, म्हणजे गाण्यातला लक्षात राहणारा मुख्य भाग, असेल तर वाटा मोठा, मागे दबून वाजत असेल तर लहान. मालक थेट नाहीही म्हणू शकतो.

होकार आला तर तो लेखीच घे, आणि त्यात मुदत आणि प्रदेश लिहिलाय का बघ. कागदावर मुदत नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. तुझा ट्रॅक तर पहिल्या दिवसापासून जगभर ऐकला जाणार. एवढ्या दोन ओळी राहिल्या तर नंतर पुन्हा पैसे मोजावे लागतात.

परवानगी न घेता सोडलास तर यूट्यूबवर कंटेंट आयडी, म्हणजे गाणी आपोआप ओळखणारी त्यांची यंत्रणा, तुकडा ओळखू शकते आणि ट्रॅकची कमाई मालकाकडे वळते. मालकानं तक्रार करून स्ट्राइक (हक्कभंगाचा ठपका) टाकली आणि अशा तीन 90 दिवसांत झाल्या, तर चॅनेलच बंद होऊ शकतं. 2002 साली लतादीदींच्या आवाजातलं एक हिंदी सिनेगीत न विचारता अमेरिकन हिप-हॉपमध्ये वापरलं गेलं होतं. मूळ गाण्याचे संगीतकार बप्पी लाहिरी यांचं नाव घातल्याशिवाय ती सीडी विकायची नाही, असा आदेश तिथल्या कोर्टानं 2003 मध्ये दिला.

माझं स्वतःचं मत विचारशील तर तुकडा उचलूच नकोस, नव्यानं वाजवून घे. मग रेकॉर्डिंगच्या मालकाचा प्रश्न मिटतो. चाल तीच ठेवलीस तर चालीची परवानगी लागेल, पण हलगीचे पारंपरिक ठेके कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, आणि हलगी आणि तिच्या जोडीचं घुमकं ही वाद्यं वाजवणारे हात आपल्या गावात आहेत. मी स्टुडिओत हेच करतो. वादक बाहेर कागद पेटवून हलगी शेकतात, आत एसीत कातडं सैल पडून सूर उतरला की पुन्हा बाहेर जातात, तेवढा वेळ हातात ठेव. क्लिक (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक) एकाच कानात दे, दुसरा कान घुमक्यासाठी मोकळा ठेव, नाहीतर ठेका मेल्यासारखा येतो. असा आवाज तुला कुठल्याच सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार तुकड्यांच्या संचात, मिळणार नाही.

पण त्या वादकाला पैसे आणि नाव दोन्ही दे. जगभरातल्या असंख्य ट्रॅकांत कापून वापरलेला 'आमेन ब्रेक' हा ड्रमचा छोटा तुकडा 1969 साली अमेरिकन ड्रमवादक ग्रेगरी कोलमननं वाजवला. त्याला त्याची रॉयल्टी कधीच मिळाली नाही आणि 2006 मध्ये तो बेघर अवस्थेत गेला. ही गोष्ट मला सुटत नाही, म्हणून माझ्याकडे रेकॉर्डिंगआधीच एका पानाची संमती होते: रक्कम, श्रेयात नाव कसं लिहायचं, आणि कमाईतला वाटा ठरला असेल तर तोही. मराठीत लिही आणि सही करण्याआधी वाचून दाखव.

रिलीजची तारीख मात्र अजून जाहीर करू नकोस. लूपचा ट्रॅक प्रोजेक्टमध्ये वेगळा ठेव, म्हणजे नकार आला तरी बाकीची बीट तशीच राहील आणि त्या जागी हलगी बसवता येईल.