वाचकांचे प्रश्न : क्षमेसाठी ऑनलाइन थेरपिस्ट शोधताना

प्रश्न : वय ४६, राहायला इंदिरानगर. वडील गेल्यावर ‘बागेवर कर्ज काढायचंय, तुझा वाटा नंतर पैशात देतो’ असं सांगून भावाने दिंडोरीकडच्या द्राक्षबागेच्या हक्कसोड पत्रावर माझी सही घेतली. पैसे आले नाहीत, आता तो विषयही काढू देत नाही. दोन वर्षं भाऊबीजेला गेले नाही. येत्या हंगामात भाच्याचं लग्न आहे. घरचे म्हणतात, झालं गेलं सोडून दे. मलाही हे ओझं उतरवायचंय, पण आतून राग जात नाही. नाशिकमध्ये नात्यागोत्यातले लोक सगळीकडे भेटतात, म्हणून ऑनलाइन थेरपिस्ट हवा आहे. कसा शोधू, आणि माणूस योग्य आहे हे कसं ओळखू?

आधी एक गोष्ट थेरपीच्या बाहेरची, कारण तिला मुदत आहे. असा दस्त रद्द करून मागण्यासाठी मुदत कायद्यात तीन वर्षं दिली आहेत. फसवणूक झाली असेल तर ती कळल्या दिवसापासून ही मुदत मोजली जाते. दावा करायचा की नाही हे तुम्ही ठरवाल, पण कागद वकिलाला याच महिन्यात दाखवा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी सीबीएसजवळच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मन शांत झाल्यावर बघू म्हणून थांबलात, तर मन शांत होईपर्यंत मुदत निघून जायची. भावाला क्षमा करूनही हक्क मागता येतो. त्यामुळे ‘दावा मागे घ्या म्हणजे मोकळं वाटेल’ असं सुचवणारा थेरपिस्ट मर्यादा ओलांडतो आहे, हे पक्कं समजा.

आता शोधाकडे. ‘थेरपिस्ट’, ‘कौन्सेलर’, ‘कोच’, ‘हीलर’ अशा पाट्यांवरून शिक्षण कळत नाही. ‘कोच’ आणि ‘हीलर’ म्हणवून घ्यायला तर कोणतीही पदवी लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे डॉक्टर असतात. एमडी, डीएनबी किंवा डीपीएम ही त्यांची पदवी, आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. त्यांच्याकडे सीआरआर, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला, क्रमांक असतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, म्हणून ती आज चालू आहे का तेही पाहा. समुपदेशकाकडे बहुधा मानसशास्त्रातलं एमए किंवा एमएस्सी असतं. तिथे पदवीबरोबर दोन गोष्टी विचारा : देखरेखीखाली किती काळ काम केलं, आणि आजही अडलेल्या केससाठी कुणा ज्येष्ठांचं मार्गदर्शन घेता का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहज ‘हो’ आलं, तर माणूस जबाबदारीने काम करणारा आहे असं आम्ही धरतो.

तुमच्या त्रासाला सहसा औषध लागत नाही, मराठीत बोलणारा अनुभवी समुपदेशक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुरेसा आहे. मराठीचा आग्रह मात्र सोडू नका. भावावरचा राग ‘दादा’ या हाकेसकट बाहेर येतो, इंग्रजीत सांगायला गेलात तर हकिगत पोचते आणि राग मागे राहतो. ऑनलाइन असल्याने पुणे, ठाणे, कोल्हापूर, संभाजीनगर कुठलाही माणूस चालेल, आणि नाशिकच्या ओळखीपाळखीतून तुम्ही आपोआप बाहेर पडाल.

तीन-चार नावं काढून प्रत्येकाला एकच संदेश पाठवा. साधारण असा : ‘नमस्कार. मी नाशिकहून लिहिते आहे, वय ४६. वडिलांच्या जमिनीवरून भावाशी दुरावा आला आहे. राग आणि झोप यांचा त्रास आहे. क्षमा करावीशी वाटते, पण जमत नाही. या विषयावर आपण काम करता का? मराठीतून, आठवड्याला एकदा, संध्याकाळी सातनंतर वेळ मिळेल का? फी आणि रद्द करण्याचे नियम कळवावेत. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ नावं, गाव, गट नंबर यातलं काही या संदेशात नको.

त्या फोनवर एक प्रश्न हमखास विचारा : ‘तुमच्या मते क्षमा म्हणजे काय, आणि मला ती जमली नाही तर?’ उत्तर नीट ऐका. झालेला अन्याय अन्यायच राहतो, क्षमा करणं म्हणजे पुन्हा संबंध जोडणं नव्हे, आणि क्षमा न करताही तुमचा त्रास कमी होऊ शकतो, या तीन गोष्टी ज्याच्या बोलण्यात आपणहून येतात तो माणूस निवडा. ‘शेवटी रक्ताचं नातं आहे’ किंवा ‘राग धरून तुम्हीच आजारी पडाल’ इथून सुरुवात करणारा नको. हे तुम्हाला घरातले लोक फुकटात सांगत आहेतच.

आणखी काही खुणा. पहिल्या सेशनआधी लेखी संमतीपत्र यायला हवं. गोपनीयता कुठे मोडावी लागते तेही त्यात असावं : जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार. उपचाराची माहिती गुप्त राहणं हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमचा हक्क आहे. ऑनलाइन काम करणारा जाणकार माणूस तुमचा सध्याचा पत्ता आणि अडीअडचणीला बोलवायच्या एका व्यक्तीचा नंबर मागतो. तो मागितला नाही तर खटकायला हवं, कारण दोनशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला तुमची तब्येत एकदम बिघडल्यावर दुसरं काही करता येत नाही. त्या जागी वहिनीचा किंवा भावाच्या बाजूच्या कुणाचा नंबर देऊ नका.

पैशांचं म्हणाल, तर ४५ ते ६० मिनिटांच्या सेशनला बऱ्याच ठिकाणी ८०० ते २,५०० रुपये पडतात. काही जण उत्पन्न पाहून फी कमी करतात, विचारायला संकोच नको. वीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरू नका. चार सेशन ठरवा, मग दोघांनी मिळून आढावा घ्या. आणि लग्नाची तारीख ही थेरपीची अंतिम तारीख समजू नका. लग्नाला जायचं का, किती वेळ थांबायचं, आहेर कोणाच्या हाती द्यायचा, भाऊ समोर आल्यावर काय बोलायचं, हे एका सेशनमध्ये स्वतंत्र ठरवता येतं. जाऊन आशीर्वाद देऊन आलात, तरी भावाला माफ केलं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि तसं कुणी म्हणालं तर हो म्हणायचीही गरज नाही.

प्रश्न : सातपूरला कंपनीत काम करतो, वय ३४. लहानपणी वडिलांनी फार मारलं. एका ॲपवरून थेरपिस्ट घेतला. दुसऱ्याच सेशनला वडिलांना क्षमेचं पत्र लिहायला सांगितलं. लिहिलं, आणि तेव्हापासून झोप उडाली आहे, कामावर हात थरथरतात. माझ्यातच खोट आहे का?

नाही. क्रम चुकला आहे, आणि ही चूक फार वेळा होते.

क्षमेवरच्या थेरपीचे दोन आराखडे जगभर वापरले जातात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचे रॉबर्ट एनराइट यांच्या आराखड्यात चार टप्पे आहेत : आधी राग, लाज आणि झालेलं नुकसान उघड करणं, मग क्षमेचा प्रयत्न करायचा की नाही हे ठरवणं, मग त्यावर काम, आणि शेवटी त्यातून काही अर्थ सापडणं. अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या पद्धतीची सुरुवातही घडलेलं आठवण्यापासून होते. न पाठवायचं पत्र हे उपयुक्त साधन आहे, पण ते तिसऱ्या टप्प्यात शोभतं. पहिला टप्पा गाळला, की पत्र लिहिताना वर्षानुवर्षं दाबलेल्या आठवणी एकदम वर येतात आणि त्यांना सांभाळायला काहीच हाताशी नसतं. झोप उडणं, थरथर, छातीत धडधड ही त्याचीच लक्षणं.

वेळेचा अंदाज यावा म्हणून सांगतो : लहानपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या बारा स्त्रियांबरोबर सुझॅन फ्रीडमन आणि एनराइट यांनी केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येकीबरोबर स्वतंत्र काम झालं आणि त्याला सरासरी वर्षाहून अधिक काळ लागला. बालपणीच्या जखमेला दोन आठवड्यांत क्षमेपर्यंत नेणं हा तुमच्यावर अन्याय होता.

आता काय करायचं? ते पत्र फाडू नका, पुन्हा वाचूही नका. पाकिटात घालून बाजूला ठेवा. पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच सांगा : ‘पत्र लिहिल्यापासून झोप नाही. क्षमेचं काम सध्या थांबवू. आधी झोप आणि थरथर आटोक्यात आणू.’ चांगला थेरपिस्ट लगेच थांबेल, श्वासाचे आणि वर्तमानात येण्याचे सराव देईल, आणि घाई झाली हे कबूलही करेल. उत्तरात ‘तुमचा विरोध आहे’, ‘बरं होताना त्रास होतोच’ असलं काही आलं तर दुसरा माणूस शोधा. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, ‘पुढची सेशन रद्द करतो’ एवढं लिहिलं की पुरे. नवीन थेरपिस्टला बालपणीच्या आघातावर, म्हणजे ट्रॉमावर, काम करण्याचं प्रशिक्षण आहे का ते विचारा.

झोपेची तक्रार दोन आठवडे टिकली, मशीनवर काम करताना लक्ष उडू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा. जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मशीनवर तुमचा हात असतो, म्हणून ही गोष्ट पुढे ढकलू नका. जीव नकोसा वाटला तर त्याच घटकेला १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : नाशिकरोडला राहते. नवरा मारतो, मग पाया पडून माफी मागतो. सासूबाई म्हणतात, ऑनलाइन समुपदेशन घ्या दोघं, माफ करायला शीक. घेऊ का?

मार चालू असेतोवर दोघांनी एकत्र बसून समुपदेशन घेऊ नका. सेशनमध्ये तुम्ही जे खरं बोलाल, त्याची शिक्षा कॉल बंद झाल्यावर घरात मिळू शकते. क्षमेवरचं काम धोका टळल्यावरचं आहे. भावनिक छळ सोसलेल्या स्त्रियांबरोबर एनराइट यांच्या पद्धतीने जो अभ्यास झाला, त्यातल्या स्त्रिया जोडीदारापासून वेगळ्या होऊन दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ झालेला होता.

तुम्हाला एकटीला मदत घ्यायची असेल, तर आधी फोन पाहा. त्याला पासवर्ड माहीत असेल, व्हॉट्सॲप दुसऱ्या यंत्राला जोडलेलं असेल, तर माहेरच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून बोला. महिला हेल्पलाइन १८१, मारहाण चालू असताना ११२. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ नुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो, आणि त्याच घरात राहण्याचा आदेशही न्यायालयाकडून मिळू शकतो. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले यांच्या प्रती घराबाहेर ठेवा. मार लागल्यावर सरकारी रुग्णालयात दाखवून कागद घ्या.

प्रश्न : सिडकोत दोन खोल्यांत पाच माणसं. सेशन कुठे करू?

घरातले बाहेर असतात ती वेळ आधी शोधा. दुपारी दोन ते चार बऱ्याच घरांत शांत असते आणि थेरपिस्टकडेही तेव्हा जागा असते. ते जमत नसेल तर मैत्रिणीच्या घरातली एक खोली, किंवा बंद, उभी केलेली गाडी. बागेत आणि हॉटेलात नको, तिथे माणूस रडू लागला की आवरतं घेतो आणि सेशन वाया जातं. वायरचे इअरफोन वापरा. रेंज डळमळीत असेल तर व्हिडिओ बंद करून आवाजावर या, आणि कॉल तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवा. कुणी खोलीत आलं की म्हणायचं एक साधं वाक्यही थेरपिस्टबरोबर ठरवून ठेवा, जसं ‘ते बिल मी उद्या बघते’. ते ऐकलं की थेरपिस्ट प्रश्न थांबवतात.

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये वडिलांना वेळेत बेड मिळवून देता आला नाही. ते गेले. स्वतःला माफ करण्यासाठी थेरपी असते का?

असते, पण तुम्हाला ती लागेल असं आम्हाला वाटत नाही. स्वतःला क्षमा करण्याचं काम हातून खरंच चूक झाली असेल तेव्हाचं : चूक मान्य करणं, शक्य ती भरपाई करणं, वागणूक बदलणं. त्या आठवड्यांत बेड नव्हते, ऑक्सिजन मिळत नव्हता, ते तुमच्या हातात नव्हतं. जिथे अपराध नाही तिथे क्षमेवर काम करत राहिलं, तर अपराधी असल्याची समजूत उलट घट्ट होते. म्हणून थेरपिस्ट शोधताना ‘शोक’ किंवा ‘ग्रीफ’ या विषयावर काम करता का, असं विचारा. पहिल्या सेशनला त्या दिवसांचा क्रम लिहून न्या : कधी ताप आला, कुठे फोन केले, काय उत्तर मिळालं, कोणत्या वेळी तुम्हाला नेमकं काय माहीत होतं. आज जे माहीत आहे ते त्यात मिसळू देऊ नका. आणि त्यात एखादा निर्णय खरोखर चुकलेला दिसला, तर तोही थेरपिस्टसमोर मांडा, तेवढ्याच निर्णयावर वेगळं काम करता येतं.