जुने खेळ ऑनलाइन खेळताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी अजूनही काउंटर-स्ट्राइक १.६ खेळतो. कोणतीही फाइल उघडली नाही, नुसता सर्व्हरला जोडलो, तरी व्हायरस येऊ शकतो का?

उत्तर : होय, येऊ शकतो. जोडणी होताच सर्व्हर नकाशे, आवाज वगैरे फाइली आपल्या संगणकावर पाठवतो आणि खेळ त्या निमूटपणे स्वीकारतो. त्या हाताळणाऱ्या कोडमध्ये चूक राहिली असेल, तर त्याच वाटेने परका प्रोग्रॅम आत शिरतो. ‘डॉक्टर वेब’ या रशियन अँटिव्हायरस कंपनीने २०१९ मध्ये उघडकीस आणलेला ‘बेलोनार्ड’ ट्रोजन (लपून शिरणारा घातक प्रोग्रॅम) खेळातील अशाच त्रुटींमधून पसरत होता. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर दिसणाऱ्या सुमारे ५,००० सर्व्हरपैकी १,९५१, म्हणजे ३९ टक्के, त्यानेच उभे केले होते. बाधित संगणक सर्व्हरच्या यादीत खोटा सर्व्हर बनून झळकत असे, तिथे पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) कमी दिसत असे, आणि तो आकडा पाहून क्लिक करणारा खेळाडू परस्पर घातक सर्व्हरवर नेला जाई. कमी पिंग शोधणे ही आपल्या सगळ्यांचीच सवय असल्याने हा सापळा मला फार गंभीर वाटतो. यादीवर विसंबू नका. ओळखीच्या माणसाने चालवलेल्या सर्व्हरचा पत्ता स्वतः टाइप करा. क्रॅक केलेली (बेकायदा, चोरीची) आवृत्ती असेल, तर ती आधी काढून टाका.

प्रश्न : पैसे मोजून घेतलेला खेळ तरी सुरक्षित मानावा ना?

उत्तर : तसे मानता येत नाही, कारण खरेदीची पावती म्हणजे दुरुस्तीची हमी नव्हे. २००९ च्या कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये लॉबीतून (सामन्याआधी खेळाडू जमतात त्या ऑनलाइन जागेतून) आपोआप पसरणारे मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, आढळल्याने जुलै २०२३ मध्ये त्याची स्टीमवरील ऑनलाइन सेवा बंद ठेवावी लागली होती.

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज ७ आहे. जोडणी होत नाही म्हणून मित्राने राउटरमध्ये डीएमझेड चालू करायला सांगितले. करू का?

उत्तर : कृपया करू नका. त्याने बाहेरून येणारी जवळजवळ सगळी वाहतूक थेट त्या संगणकाकडे वळते, आणि विंडोज ७ चे सर्वसाधारण सुरक्षा पॅच (दुरुस्त्या) जानेवारी २०२० मध्येच थांबले आहेत. खेळाला लागणारा तेवढाच पोर्ट (राउटरमधला ठरावीक क्रमांकाचा मार्ग) उघडा, खेळून झाल्यावर बंद करा आणि बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करू नका. जुने खेळ अनेकदा ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागतात, कारण ते आपली सेटिंग्ज ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहू पाहतात. खेळ दुसऱ्या साध्या फोल्डरमध्ये बसवला, तर बहुधा ही मागणी उरत नाही आणि मर्यादित खात्यातूनही तो चालतो.